लाल दोऱ्याची पिशवी

रेणवीय जीवशास्त्र हा शब्द मी आमच्या गावात आयुष्यात एकदाच उच्चारला. चुलत्यांनी विचारलं होतं, पुण्याला नेमकं काय शिकून राहिली. मी सांगितलं. पुढे अजून काही येतंय का म्हणून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग म्हणाले, "ते बराबर हाय, पर त्यानं व्हणार काय?" त्यानंतर मी "हळदीच्या रोगावर काम करते" एवढंच सांगायला लागले. ते सगळ्यांना पटायचं. फक्त एका माणसाला पटायचं नाही आणि तो माणूस म्हणजे माझे वडील. हे मला कळायला दोन वर्षं लागली.

आमचं गाव वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या पलीकडे. बारावीला डॉक्टरकीला लागतील एवढे गुण मला पडले नाहीत म्हणून मी नांदेडला बी.एस्सी.ला गेले. विज्ञानातल्या पुष्कळ बायकांची कारकीर्द अशीच सुरू होते. मुलाखतीत मात्र आम्ही कुतूहलाबद्दल बोलतो. नांदेडहून औरंगाबादला एम.एस्सी. आणि तिथून पुण्यातल्या एका संस्थेत पीएचडी. मधल्या काळात आमचा जिल्हा परभणीचा हिंगोली झाला. घर होतं तिथेच राहिलं, पण कागदोपत्री बी.एस्सी. झालेली मुलगी एका जिल्ह्यातली आणि शिष्यवृत्ती मागणारी दुसऱ्या जिल्ह्यातली असं दिसायला लागलं. दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला मी हिंगोलीला तीन हेलपाटे घातले. डीएनए तपासणी तेवढी कुणी मागितली नाही.

वडिलांची हळद होती. हळद तशी आजूबाजूच्या पुष्कळांची होती, पण वडिलांचं बेणं होतं. हळदीला बी नसतं. काढणीनंतर रोपाच्या बुडाचा जाड गड्डा सावलीत ढीग घालून, वर पाला टाकून राखायचा आणि उन्हाळा सरताना पुन्हा लावायचा, तेच बेणं. पाच-सात गावांतली माणसं बेण्याला आमच्याकडे यायची. बेणं द्यायच्या दिवशी वडील धुवट धोतर नेसायचे. घेणारा ढिगात हात घालून पारखायला लागला तर ते शांतपणे म्हणायचे, "तुमी दुसरीकडं बघा." पारखायची गरज नाही हीच तर त्यांच्या बेण्याची किंमत होती.

माझा विषय होता कंदकूज. गावात नुसतं सड म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटी पानाची कड पिवळी पडते, मग बुड मऊ होतं आणि शेवटी गड्डा हातात घेतला की बोटं आत जातात. तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून मला अशी तपासणी तयार करायची होती, की गड्डा वरून घट्ट आणि चांगला दिसत असतानाच आत सड शिरली आहे का हे कळावं. गड्ड्यातला डीएनए काढायचा, तो मशीनमध्ये घालायचा. रोगाचा अंश असेल तर मशीन त्याच्या असंख्य प्रती काढतं आणि दिव्याखाली जेलवर, म्हणजे जेलीच्या पातळ वडीवर, एक नारिंगी पट्टी दिसते. रोग नसेल तर पट्टी नाही. आईला माझे हात पिवळे झालेले बघायचे होते. प्रयोगशाळेत ते रोज होत होते आणि साबणाने निघत नव्हते.

या कामाला दोन वर्षांची मुदत होती. दोन वर्षांनी समिती बसणार, काम बघणार आणि पटलं तर शिष्यवृत्ती वाढवणार. नाही पटलं तर मी सामान बांधून घरी जाणार. घरी काय होणार हे ठरलेलं होतं. स्थळं घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना वडील सांगायचे, "दोन वर्षं थांबा, समिती बसणार हाय." पाहुण्यांचा समज असा झाला, की पुण्यात मुलीच्या लग्नासाठीसुद्धा समिती बसते. त्यामुळे आमच्या घराची इज्जत वाढली.

सड दिसते भादव्यात आणि नेमके तेव्हाच आमचे वर्ग आणि परीक्षा असत. म्हणून पहिल्या वर्षी मी आईकडून कापडाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या. एकीला पांढरा दोरा, एकीला लाल. वडिलांना नीट समजावलं: पांढऱ्या दोऱ्याच्या पिशवीत चांगल्या झाडाचे गड्डे. लाल दोऱ्याच्या पिशवीत ज्याच्या पानाची कड पिवळी पडली आहे, पण गड्डा अजून घट्ट आहे, अशा झाडाचे. मऊ झालेला नको. वडिलांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. "घट्टच पाहिजे ना?" घट्टच पाहिजे, मी म्हणाले.

पिशव्या नांदेडहून पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हवाली झाल्या आणि सकाळी पुण्यात मी त्या उतरवून घेतल्या. गड्डे धुतलेले, सुकवलेले, एका मापाचे. मला वडिलांचं कौतुक वाटलं. बाईंना, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंना, मी ते दाखवलेही. त्या म्हणाल्या, "नमुने कशाला धुतले?" मी म्हणाले, आमच्याकडे पद्धत आहे.

मग मी तपासणी केली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, सड आणणाऱ्या बुरशीची पट्टी ठसठशीत आली. पांढऱ्या दोऱ्याच्या गड्ड्यांची पट्टी आली नाही, ते ठीकच होतं. लाल दोऱ्याच्या गड्ड्यांचीही आली नाही. बाई म्हणाल्या, "पुन्हा."

"पुन्हा" हा बाईंचा आवडता शब्द होता. त्या तो रागावून म्हणत नसत. चहा घेणार का, हे ज्या आवाजात विचारतात त्या आवाजात म्हणत. मी पुन्हा केलं. रसायनं नवी मागवली आणि पुन्हा केलं. तपासणीत वापरायचं पाणी बदललं. मशीन बदललं. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनं पाणी आणलं. हळदीचा अर्क चिकट असतो, तो मशीनच्या कामात आड येतो असं पुस्तकात होतं, म्हणून अर्क दहा प्रकारांनी धुतला. उन्हाळा आला आणि गेला. बरोबरच्या मुलांचे शोधनिबंध छापून यायला लागले. मी तेव्हा जेवताना कुणाशी बोलत नसे आणि कुणी "कसं चाललंय" विचारलं तर माझ्या अंगाचा तिळपापड होई. मला मनातून वाटायला लागलं होतं, की हे काम माझ्या आवाक्यातलं नाही आणि हे सगळ्यांना आधीच कळलं आहे.

दुसऱ्या वर्षी भादव्यात पुन्हा पिशव्या आल्या. पुन्हा गड्डे धुतलेले, पुन्हा पट्टी नाही. समिती डिसेंबरात होती.

शेवटी बाईंनी एक साधा प्रयोग करायला लावला. लाल दोऱ्याच्या गड्ड्याच्या अर्कात मुद्दाम बुरशीचा डीएनए मिसळायचा आणि तपासायचं. पट्टी लख्ख आली. म्हणजे तपासणी ठीक होती, हळद आड येत नव्हती. मग त्या गड्ड्यांत रोगच नव्हता.

बाईंनी विचारलं, "नमुने कुणी गोळा केले?"

"वडिलांनी."

"त्यांच्यावर तुझा विश्वास आहे?"

मला राग आला. मी म्हणाले, "माझ्यावर आहे तेवढा."

"ते मी नंतर विचारणारच होते," बाई म्हणाल्या.

मी दसऱ्याच्या आधी गावी गेले. कळवलं नव्हतं. घरी आई होती. ती मला बघून आधी खूश झाली आणि मग घाईने चुलीकडे वळली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "ते रानात हायत. तू चहा घे, जाऊ नगं." आईने असं सांगितलं की जायचंच असतं.

वडील वरच्या तुकड्यात होते. तिथे हळद कमरेपर्यंत आलेली, पानं गर्द हिरवी. ते मला एकेक झाड दाखवायला लागले. खालचा तुकडा कॅनॉलच्या कडेला आहे. मी तिकडे वळले तेव्हा ते बांधावरच थांबले. "तिकडं चिखल हाय," म्हणाले. पाऊस होऊन पंधरा दिवस झाले होते.

खालचा तुकडा पिवळा होता. सगळा नाही, पण ठिकठिकाणी पानांच्या कडा वाळलेल्या, मधेमधे झाडं आडवी झालेली. मी एक झाड ओढलं तर देठ हातात आला आणि बुड खालीच राहिलं. वास आला. दुसऱ्या झाडाची नुसती कड पिवळी होती. त्याचा गड्डा हाताने उकरून काढला. घट्ट होता. दोन वर्षं मी पुण्यात बसून ज्याच्यासाठी पाणी बदलत होते तो गड्डा माझ्या हातात होता, आणि मला इतका आनंद झाला की मी चिखल नसलेल्या त्या चिखलात खाली बसले. मग मी वर पाहिलं. वडील बांधावर पाठ करून उभे होते.

"बाबा, लाल दोऱ्याच्या पिशवीत काय भरलं होतं?"

"हळद."

"कुठली?"

"आपलीच."

"खालच्या तुकड्यातली?"

ते वळले. टोपी काढून झटकली, परत घातली. "बाई, तू म्हणली व्हतीस घट्ट गड्डा पाहिजे. घट्टच दिला."

हे खरं होतं. मी दोनदा तेच वदले होते.

मी ओरडले. वडिलांवर मी त्याआधी कधी ओरडले नव्हते आणि कसं ओरडायचं ते येत नव्हतं, म्हणून जे तोंडात आलं ते ओरडले. "दोन वर्षं मी पाणी बदलून राहिले!"

"पाणी काहून बदललं?" त्यांनी खरोखरच विचारलं.

मग ते बांधावर बसले आणि बोलले. फार नाही. "कागदावर एकदा सड लिवली की ती मिटत न्हाई. माझ्या बापाच्या नावात एक अक्षर चुकलं व्हतं सातबाऱ्यावर. ते नीट करता करता तो गेला. तुझ्या कागदावर तर गावाचं नाव, रानाचं नाव, समदं असतं. लोकं बेण्याला कुणाकडं येतात? माझ्या रानाकडं येतात का माझ्या नावाकडं?" थोड्या वेळाने म्हणाले, "अन् लेकीच्या पिशवीत सडकं कसं भरावं? तिथल्या लोकायनं म्हणावं, हिच्या बापाच्या घरून हे आलं."

मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. मी लाल दोऱ्याच्या पिशवीत खालच्या तुकड्यातले गड्डे भरले आणि पांढऱ्या दोऱ्याच्या पिशवीत वरच्या तुकड्यातले. या वेळी धुतले नाहीत. वडिलांनी मदत केली नाही आणि अडवलंही नाही. जाताना नांदेडच्या गाडीपर्यंत पिशव्या मात्र त्यांनीच धरल्या, लाल एका हातात आणि पांढरी एका हातात, मधे अंतर ठेवून.

पुण्यात लाल दोऱ्याच्या गड्ड्यांची पट्टी पहिल्याच दिवशी आली. पट्ट्या ओळीने आल्या, एकीला लागून एक. बाई जेलकडे वाकून बघत राहिल्या आणि "पुन्हा" म्हणाल्या नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं. मग त्यांनी जेलच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. "आणि हे?"

डावीकडे पांढऱ्या दोऱ्याचे गड्डे होते. वरच्या तुकड्यातले, गर्द हिरव्या पानांचे. त्यांच्यातल्याही काहींना पट्टी होती, फिकट पण होती. वडिलांनी दोन वर्षं पाठवलेले गड्डे निवडून काढलेले आणि धुतलेले होते, हे मी न निवडता भरले होते.

"हे फार चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "झाड निरोगी दिसतंय, पान हिरवं आहे, आणि रोग आत आहे. तुझी तपासणी हेच पकडायला केली ना? समितीला हेच दाखव."

मी समितीला हेच दाखवलं. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, या तुकड्यातल्या हळदीचं पुढे काय होतं. मी म्हणाले, तिचं बेणं होतं. ते म्हणाले, वा. शिष्यवृत्ती तीन वर्षं वाढली. मी खोलीवर गेले आणि मला धड आनंदही मानता आला नाही. वरच्या तुकड्याचं बेणं वडील दरवर्षी पाच-सात गावांना देत होते. माझी शिष्यवृत्ती वाढली ती त्यांच्या बेण्यात रोग सापडला म्हणून.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शिमगा झाल्यावर मी गेले. काढणी झाली होती, बेण्याचा ढीग लिंबाखाली घातलेला होता आणि वडिलांनी त्यावर पाला नीट पसरला होता. मी जेलचा फोटो नेला होता. वडिलांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"ह्यातलं आपलं कोणतं?"

मी दाखवलं.

"अन् हे कोरं?"

"ते नुसतं पाणी. बरोबर तपासायला लागतं."

"पाणी चांगलं हाय म्हणजे," वडील म्हणाले. मग फोटो खाली न ठेवता विचारलं, "ज्याचं पान हिरवं व्हतं, त्याच्यात बी हाय?"

"आहे."

"मागल्या वर्षी दिलं त्याच्यात बी असंल?"

मी म्हणाले, सांगता येत नाही. शास्त्रज्ञ असंच म्हणतात. ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मग मी म्हणाले, असेल.

त्यांनी फोटोची घडी घातली आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला हळद शिजवायची मोठी काहील मांडायला सांगितली. ज्याचं बेणं व्हायचं तो सगळा ढीग शिजवून बाजाराला लावला. शिजवलेल्या गड्ड्यात सड उरत नाही आणि त्यातून काही उगवतही नाही. आईने जाळ घातला आणि मला काहिलीजवळ येऊ दिलं नाही. तिला माझा राग आला होता आणि मला तो बरोबर वाटत होता.

तिसऱ्या दिवशी वडील धुवट धोतर नेसून मोटारसायकलपाशी आले आणि मला म्हणाले, "बस मागं."

मागच्या दोन वर्षांत ज्यांनी बेणं नेलं होतं त्यांच्या घरांना आम्ही गेलो. पाच गावं त्या दिवशी झाली. वडील उंबऱ्यातच सांगायचे, आधी पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. "मी दिलेल्या बेण्यात सड व्हती. औंदा माझ्याकडं येऊ नका. अन् त्यातलं राखलेलं असंल तर लावू नका, शिजवून टाका." एवढंच. मी मागे उभी असायचे. एका घरी म्हातारा म्हणाला, तुमचं सडकं बी दुसऱ्याच्या चांगल्यापरीस बरं, आमी नेतोच. त्याच्याशी वडील त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलले. दुसऱ्या घरी मालक आधी खाली बघत होता. मग म्हणाला, त्याच्याकडे मागच्याच साली सड लागली होती. "आमाला वाटलं पाणी जास्ती झालं. पाणी कमी केलं, तरी लागली. तुमच्या बेण्याला नाव कसं ठेवावं, म्हणून बोललो न्हाई."

शेवटचं घर कुरुंद्याच्या अलीकडे होतं. तो माणूस वडिलांच्याच वयाचा. त्याने दोन वर्षांपूर्वी आमचंच बेणं नेलं होतं आणि यंदा त्याचं रान सबंध गेलं होतं. हे तो सांगत नव्हता, पण अंगणात हळदीचं काही नव्हतं. शिमगा झाल्यावर आमच्या भागात ज्याच्या अंगणात हळद नाही त्याला काही विचारावं लागत नाही. वडिलांनी तेच वाक्य सांगितलं, पण या घरी टोपी काढून. माणसाने ऐकून घेतलं. चहा आला. त्याने तो पिऊन संपवला.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "हे तू हुडकून काढलंस?"

मी हो म्हणाले.

"मग बाई, दोन वर्सं आधी काहून न्हाई सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर होतं. तपासणी तेव्हा तयार होत होती, नमुने कमी होते, अशी उत्तरं मला चांगली येतात; समितीला देऊन झाली होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वडिलांनी कपबशी खाली ठेवली.

"तिनं मागितलं व्हतं," ते म्हणाले. "दोन्ही वर्सं मागितलं. मीच तिला चांगलं भरून पाठवलं."